एक माणूस कमी

सोळाखुंटात मेंढरं मोजत नाहीत आणि माणसंही मोजत नाहीत. मोजलं की घटतं, असं तिथं म्हणतात. वडूजहून पूर्वेला निघून डांबरी रस्ता सोडला की आधी खालचं गाव लागतं आणि त्याच्या पुढं चढावर ही वस्ती. घरं किती विचारलं तर सोळा, असं लगेच उत्तर मिळेल. घरं मोजायला कुणाची ना नाही. पण माणसं किती विचारलंत की समोरचा आभाळाकडं बघणार आणि म्हणणार, "हायती की देवाच्या किरपेनं."

वस्तीचा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही, तो बिरोबाच्या देवळापुढं जमिनीत रोवलेला आहे. हरणाबाईच्या सासऱ्याच्या तरुणपणी सोळा धनगरांचे सोळा कळप पावसाळ्याला या माळावर येऊन बसायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून खाली कृष्णाकाठाला आणि तिथून पुढं कोकणात, आणि मृगाला परत. दर साली कुठं फिरून माघारी यायचं हे ठरलेलं असावं म्हणून सोळा जणांनी बाभळीचे सोळा खुंट रोवले. पुढं सरकारनं त्या माळाचे तुकडे पाडून त्या सोळा जणांच्या नावावर लावून दिले. खुंटांच्या आतलं तुमचं, बाहेरचं गावाचं, असा निवाडा झाला. गावानं वस्तीला नाव ठेवलं ते चेष्टेनं, पण तेच कागदावर चढलं. दसऱ्याला ज्या घराचा खुंट त्या घरच्या माणसानं त्याला तेल-हळद लावायची. दुसऱ्याच्या खुंटाला हात लावायचा नाही, मग तो वाळून फुटला तरी चालेल. गेल्या दसऱ्याला पाच खुंटांना तेल लागलं, अकरा कोरडे राहिले. कुणी उसाच्या पट्ट्यात गेलं, कुणी पुण्याला आणि बरेच जण गलाईच्या धंद्यात पार मद्रासच्या पलीकडं, जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायला. घरांना कुलपं आणि कुलपांवर गंज. पाच घरांतून तेवढा धूर निघतो.

त्यातलं एक घर हरणाबाईचं. वय सत्तरीच्या पुढं, नक्की किती ते तिलाही ठाऊक नाही आणि ते विचारलेलं तिला आवडतही नाही. कणा ताठ, आवाज माळावर पोचणारा, आणि स्वभाव असा की खालच्या गावचे सरपंचसुद्धा तिच्या दारावरून जाताना मोबाइलवर बोलत असल्याचं सोंग करतात.

तिचा नवरा जोतिबा. त्याच्याकडं एका काळी दीडशे-दोनशे मेंढरं होती, म्हणजे असावीत, कारण त्यानं ती कधी मोजली नाहीत. दिवस मावळताना तो जाळीच्या तोंडाशी उभा राहायचा. मेंढरं आत शिरायची आणि तो नुसता बघायचा. शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचा, "बांडी आली न्हाई. कानतुटीचं कोकरू बी न्हाई." आणि काठी घेऊन परत माळाला लागायचा. आकडा चुकेल, पण त्याची नजर कधी चुकली नाही. लग्न होऊन आलेली हरणाबाई पहिल्यांदा काय शिकली असेल तर ही अशी नजर. कोण आलं ते कळायला फार काही लागत नाही. कोण आलं नाही ते कळायला माया लागते.

दुसरी गोष्ट सासूनं शिकवली. सासूचं नाव रंगुबाई. तिचा एक कायदा होता. कागद घेऊन कुणी दारात आला, शिरगणतीवाला असो, रेशनकार्डवाला असो, देवी टोचणारा असो, त्याला घरातलं एक माणूस कमी सांगायचं. पुरं घर कागदावर चढलं की नजर लागते. आणि कमी कुणाला करायचं? ज्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव असेल त्याला. हा कायदा एकट्या रंगुबाईचा नव्हता, सोळाही घरांचा होता. त्यामुळं सरकारी कागदावर सोळाखुंटाची लोकसंख्या दर खेपेला बरोबर सोळानं कमी भरायची. सरकारला त्याचा पत्ता नाही आणि वस्तीला त्याची फिकीर नाही.

हरणाबाईला धनाजी झाला, मग राणी झाली. त्यानंतरची दोन मुलं वर्षाच्या आतच गेली. मग सिद्धनाथाला नवस बोलली तेव्हा सिद्धू झाला. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. या पोराला तिनं दोन वर्षं कुणाच्या नजरेसमोर धड आणलं नाही. तो अडीच वर्षांचा असताना शिरगणतीवाला मास्तर वस्तीवर आला. हरणाबाईनं त्याला चढावरून येताना बघितलं, झोपलेला सिद्धू उचलला, जाळीच्या कोपऱ्यात कोकरांमध्ये ठेवला आणि वर घोंगडं टाकलं.

"पोरं किती?" मास्तरनं विचारलं.

"दोन," हरणाबाई म्हणाली.

तेवढ्यात घोंगड्याखालून मुसमुस ऐकू आली. मास्तरनं मान वळवली.

"कोकरू हाय," हरणाबाई म्हणाली. डोळ्याची पापणी हलली नाही तिची.

मास्तरनं दोन लिहिले आणि तो गेला. पुढं त्याच साली रेशनकार्ड नव्यानं लिहिलं, त्यावरही दोनच. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली की सिद्धू थोडा मोठा झाल्यावर स्वतःच सांगायचा, कोकराचा आवाज काढून. सगळी वस्ती पोट धरून हसायची. घरात त्याला हाकच पडली, कोकरू.

हसणं संपलं ते अठराव्या वर्षी. सिद्धूनं फौजेत जायचं मनात घेतलं होतं. दोन वर्षं तो पहाटे उठून खालच्या गावापर्यंत धावत जायचा आणि धावत यायचा. साताऱ्याला भरती निघाली. धावण्यात पहिल्या दहात आला, छाती भरली, उंची भरली. मग कागद मागितले. रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड लागत होतं आणि रेशनकार्डावर सिद्धूचं नावच नव्हतं. तलाठ्याची त्यात चूक म्हणावी तर तीही नाही, कार्डावर जे नाही ते तो कुठून आणणार? नाव चढवायला अर्ज केला, फेऱ्या झाल्या, नाव चढलं. पण तोवर भरती उलटून महिना झाला होता.

नाव चढलेलं कार्ड घेऊन सिद्धू घरी आला आणि त्यानं ते आईच्या पुढ्यात ठेवलं.

"आये, धनादादा हाय, रानी हाय. तू मला मोजलंच न्हाईस."

"आरं, तुझ्यावर जीव म्हनून..." हरणाबाई बोलायला गेली.

"जीव व्हता तर नाव सांगायचं व्हतंस."

चार दिवसांनी तो एका गलाईवाल्याबरोबर सेलमला गेला. त्याला एकवीस वर्षं झाली. मधे एकदा आला, जोतिबा गेला तेव्हा. तिसऱ्या दिवशी पोचला, डोकं भादरलं, तेराव्याचं जेवण झाल्यावर निघाला. अकरा दिवस आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि तिच्याशी अकरा शब्द बोलला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आणि हा तर रोज भट्टीपुढं बसणारा माणूस. फोन करतो तो धनाजीला. धनाजी आता महाबळेश्वरला जीप चालवतो आणि तिकडं पाऊस कोसळायला लागून हॉटेलं रिकामी झाली की दोन-तीन महिने आईकडं येऊन राहतो. सिद्धूला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली, हेही हरणाबाईला धनाजीकडून कळलं. फोटोत तिनं ती बघितली. नाक जोतिबाचं आहे.

मेंढरं विकून आठ वर्षं झाली. पण अजून दिवस मावळताना हरणाबाई देवळाच्या कट्ट्यावर जाऊन उभी राहते. खालून येणाऱ्या वाटेकडं बघते. शेजारचा नानासो मोटरसायकलवरून येतो, त्याची सून दुधाची किटली घेऊन येते, शाळेची पोरं येतात. सगळी आत शिरली की हरणाबाई हळूच म्हणते, "सिद्धू आला न्हाई." कुणाला ऐकवायला म्हणत नाही. जाळीच्या तोंडाशी उभ्या माणसानं काय म्हणायचं असतं, ते ती म्हणते. एकवीस वर्षांत तिनं एकही संध्याकाळ चुकवली नाही. तिची ठाम समजूत आहे की हे सगळं तिच्यामुळं झालं. आपण त्याला वस्तीच्या माणसांत धरलं नाही, म्हणून तो वस्तीचा राहिला नाही.

यंदा माघात परत शिरगणती निघाली. धनाजीनं फोनवर सांगितलं तेव्हापासून हरणाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं ट्रंकेच्या तळातून ते रेशनकार्ड काढलं, सिद्धूचा शाळा सोडल्याचा दाखला काढला, दोन्ही कागद पुसून उशाला ठेवले. या खेपेला पोराला कागदावर चढवायचंच.

मोजायला आली ती खालच्या गावच्या शाळेतली बाई, क्रांती. ती मूळची कुंडलची, उसाच्या घरातली, बोलायला तोफ. सकाळपासून वस्तीतली बाकीची चार घरं करून ती दुपारी हरणाबाईच्या ओट्यावर टेकली. हरणाबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा स्वभाव नसल्यानं लगेच कागद पुढं केले.

"आवं बाई, हे आदी लिवा. सिद्धू जोतिबा. माझा धाकटा."

क्रांतीनं दाखला बघितला. "कुठं असतात हे?"

"सेलमला. गलाईत."

"मग आजी, ते तिकडं मोजले जातील. जो जिथं राहतो तिथं त्याचं नाव."

"ऱ्हातोय तिकडं. पर हाय हितला. रोज सांजच्याला त्याची वाट कोन बगतं? सेलमवाले बगत्यात व्हय?"

"खरं आहे तुमचं. पण मी इथं लिहिलं आणि तिकडंही कुणी लिहिलं, तर माणूस दोनदा मोजला जाईल."

"जाऊ दे की," हरणाबाई म्हणाली. "एकदा मोजायचा ऱ्हायलाय. दोनदा मोजला म्हंजी फिटलं."

क्रांतीला हसू आलं. पण म्हातारीचे डोळे बघून ते गळ्यातच राहिलं. तिनं मोबाइल मांडीवर ठेवला आणि विचारलं, "काय झालं होतं आजी?" आणि हरणाबाईनं सांगितलं. कोकरं, घोंगडं, मास्तर, भरती, सगळं. रंगुबाईचा कायदासुद्धा सांगितला आणि मग आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन तोंडावर पदर धरला.

क्रांतीनं तांब्यातलं घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाली, "नियम मला मोडता येणार नाही आजी. पण फोन लावता येईल. तिकडं नाव दिलं का नाही, ते तरी विचारा त्यांना."

"माझ्याशी न्हाई बोलायचा त्यो."

"माझ्या नंबरवरून बोलतील. नंबर आहे?"

नंबर होता. धनाजीनं भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता, चुलीच्या वर, आणि सहा वर्षांत हरणाबाईनं तो पोतेऱ्यानं पुसू दिला नव्हता. लावलाही नव्हता. क्रांतीनं लावला आणि स्पीकर चालू करून तिच्या हातात दिला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. जाड झाला होता आवाज.

मास्तरापुढं पापणी न हलवणारी बाई, तिला आपल्याच पोराशी काय बोलावं ते सुचेना. "मी हाय," ती म्हणाली. "आय."

पलीकडं मागं कुठंतरी ठोकल्याचा आवाज येत होता तो थांबला.

"बरी हायस का?" सिद्धू म्हणाला.

"बरी हाय. हिकडं शिरगणती आलीया. तुजं नाव लिवा म्हनलं तर बाई म्हनत्यात, न्हाई, त्यो तिकडं. म्हनून इचारते, तिकडं कोन आलं व्हतं का मोजाया?"

"आलता. काल आलता."

"मग? सांगितलंस का समदं?"

"सांगितलं की."

"किती सांगितलंस घरात?"

हरणाबाईनं फोन कानाला घट्ट धरला, स्पीकर चालू असूनही.

"दोन," तो म्हणाला.

"आरं, तुमी तर तिघं."

सिद्धूचा आवाज खाली आला, अठरा वर्षांच्या पोराचा असावा तसा. "पोरगी सांगितलीच न्हाई, आये. त्यानं इचारलं, पोरं किती. मी तोंड उगडलं आन माझी जीबच उचलंना. लय वर्सांनी झालीया ती. वाटलं, हिचं नाव ह्याच्या कागदावर नगं. मग त्यो गेल्यावर ध्येनात आलं माज्या, मी काय केलं ते."

हरणाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं पुसल्या नाहीत.

"कालपास्नं म्हनतोय तुला फोन करावा," सिद्धू म्हणाला. "पर एकवीस वर्सं न्हाई केला, आता कुठल्या तोंडानं करू? आये, मी तुला लय बोललो."

"काय बोलला न्हाईस तू. मला सांगाया पायजे व्हतं, ते मीच सांगितलं न्हाई."

तेवढ्यात फोनमधून बारीक आवाज आला. दुकानाच्या मागंच त्याचं घर. लहान पोर झोपेतून उठून कुरकुरावं तसा आवाज.

"कोन ते?" हरणाबाईनं विचारलं.

सिद्धू हसला की रडला ते क्रांतीला कळलं नाही. हरणाबाईला कळलं.

"कोकरू हाय," तो म्हणाला.

हरणाबाईनं पदर तोंडात धरला. ओट्याच्या कडेला बसली, फोन मांडीवर ठेवला आणि मोठ्यानं रडली, जोतिबा गेला तेव्हा रडली नव्हती इतकी. पलीकडून "आये, आये" ऐकू येत होतं. क्रांतीनं मान फिरवून माळाकडं बघत राहायचं ठरवलं.

मग हरणाबाईनं नाक पुसलं, फोन उचलला, आणि तिचा नेहमीचा, माळावर पोचणारा आवाज परत आला.

"सिद्धू, ऐक. त्या मानसाला परत बोलीव. आत्ताच्या आत्ता. पोरीचं नाव सांग."

"आये, नजर..."

"नजर लागायची ती मला लागू दे, माजं झालंय समदं. पर नाव सांग तिचं. मोठी झाली म्हंजी तुज्याफुडं येऊन कार्ड टाकंल, तवा काय सांगशील? जीव व्हता म्हनून? मी तेच सांगाया गेलते. कुनी ऐकतं का?"

तिनं फोन आणखी तोंडाजवळ नेला.

"सांगशील का?"

"सांगतो." आणि थोड्या वेळानं, "शिमग्याला येतो आये. तिला घेऊन."

"ये," हरणाबाई म्हणाली. जास्त काही म्हणाली नाही, कारण पूर्वीही "येतो" म्हणून गेलेली माणसं तिनं बघितली होती, अकरा खुंटांची. पण आपण तेवढ्यातच देवळापुढच्या आपल्या खुंटाकडं बघितलं, हे तिला स्वतःलाही कळलं नाही.

फोन बंद झाला. क्रांतीनं तो घेतला, पदराला पुसला आणि परत आपलं काम उघडलं. विचारू की नको करत शेवटी तिनं विचारलं, "आजी, तुमचं राहिलं. घरात माणसं किती?"

हरणाबाईनं घराकडं बघितलं. रंगुबाईचा कायदा तिच्या अंगात पन्नास वर्षं मुरलेला होता, जिभेच्या टोकाला येऊन बसलेला होता. एक कमी सांग. पण एकातून एक कमी केला तर घरात उरतं कोण? आणि तिच्यावर इतका जीव असणारं, तिला घोंगड्याखाली लपवणारं, आता इथं आहे तरी कोण?

"एक," ती म्हणाली. "लिवा. हरनाबाई जोतिबा. हाय मी हितं."

क्रांतीनं लिहिलं. उठायला लागली तशी हरणाबाईनं काठी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि तिच्या पुढं होऊन ओटा उतरली.

"तुम्ही कुठं निघालात आजी? झाली ना पाचही घरं."

"कशाची झाली? नानासोनं किती सांगितली घरात?"

"पाच."

"चला माज्यासंगं. शिव्या घालंल त्यो, मी खाईन. तुमी लिवायचं काम करा." हरणाबाई चढाला लागली होती. तिथूनच मागं न बघता म्हणाली, "त्याच्या आतल्या खोलीत घोंगड्याखाली एक कोकरू निजलंय."